हपुतलेला जायचं तर नऊच्या आत

पहिल्यांदा श्रीलंकेतल्या हपुतलेला गेलो तेव्हा मी ते गाव पाहिलंच नाही. गाडीतून उतरलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि फलाटाचं दुसरं टोक धुक्यात बुडालं होतं. सव्वासहाला काळोख. रात्री रोटी आणि डाळ खाऊन झोपलो, सकाळी आठला जाग आली, आवरून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ झाले. तोवर दरीतले ढग चढून रस्त्यावर आले होते. एक चहा प्यायलो आणि मिळेल त्या गाडीने एल्लाला निघून गेलो. घरी आल्यावर ताईने विचारलं, "काय पाहिलंस?" म्हटलं, "पांढरं."

एकतीस वर्षं एसटीच्या नियंत्रण कक्षात बसून दुसऱ्यांच्या वेळा सांभाळलेल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं. म्हणून दोन वर्षांनी पुन्हा गेलो, या वेळी ताईला घेऊन, आणि तीन रात्री राहिलो. खालचं सगळं त्या दुसऱ्या खेपेच्या जोरावर लिहितोय.

आधी गाव कसं बसलंय ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. हपुतले श्रीलंकेच्या ऊवा प्रांतात, बदुल्ला जिल्ह्यात, साधारण १४३० मीटर उंचीवर आहे. मध्य डोंगराळ भागाची जी दक्षिणेकडची कड आहे, तिच्या अगदी धारेवर हे गाव घोड्यावर मांड ठोकून बसल्यासारखं बसलंय. एका अंगाला चहाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला जमीन एकदम तुटलेली, थेट खालच्या मैदानापर्यंत. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेचा समुद्रकिनारासुद्धा दिसतो. रात्रभर खालचं मैदान निवलेलं असतं, त्यामुळे पहाटे सगळं लख्ख. ऊन चढलं की खालची दमट हवा तापून कड्यावरून वर सरकते, वर येता येता गार होते आणि तिचे ढग होतात. ते ढग नेमके गावातून जातात. एखाद्या दिवशी अकरापर्यंत उघडं राहतं, एखाद्या दिवशी साडेआठलाच पडदा. तेव्हा जे काही पाहायचंय ते नऊच्या आत पाहायचं, या हिशेबाने दिवस आखा.

यातूनच दुसरी गोष्ट ठरते. एक रात्र राहू नका. कोलंबोहून दिवसाच्या गाडीने निघालेला माणूस दुपारी ढगात पोचतो, दुसऱ्या दिवशी सामान बांधण्यात सकाळ घालवतो, आणि मग "तिथे काही नाही" असं सांगत फिरतो. मीही सांगत फिरलो होतो. दोन रात्री म्हणजे एक पूर्ण सकाळ हातात. तीन रात्री असतील तर एखादी सकाळ वाया गेली तरी जीव जळत नाही.

महिने कोणते? फेब्रुवारी आणि मार्च सगळ्यात भरवशाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, तेव्हा दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला असतो. जून ते सप्टेंबरबद्दल लोकांचा गैरसमज होतो. नैर्ऋत्य मान्सूनचा पाऊस पश्चिमेचे डोंगर अडवतात आणि ऊवाच्या अंगाला कोरडा, जोराचा वारा येतो. घाटमाथ्यावर धो धो आणि देशावर नुसता वारा, हे आपल्याला नवीन नाही. याच वाऱ्यात, जुलै ते सप्टेंबर, ऊवाच्या चहाला त्याचा नावाजलेला वास चढतो.

पोचण्याचं म्हणाल तर विमान कोलंबोजवळच्या कटुनायकेला उतरतं. घड्याळ बदलायची गरज नाही, वेळ आपलीच. व्हिसाचे नियम आणि शुल्क मधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ बघा, ओळखीच्याने मागच्या वर्षी काय केलं ते ऐकून निघू नका. कोलंबो फोर्ट स्टेशनातून बदुल्लाला जाणारी रेल्वे हपुतलेवरून जाते. आठ-नऊ तास धरा आणि वर एक तास उशिराचा. आरक्षण तीस दिवस आधी उघडतं आणि चांगल्या जागा पटापट जातात, कारण कँडी ते एल्ला या टप्प्यावर जगभरचे पर्यटक लोटलेले असतात. पहिल्या वर्गाचा वातानुकूलित डबा घेऊ नका. त्याच्या खिडक्या उघडत नाहीत, आणि या गाडीत खिडकी उघडत नसेल तर बसून काय उपयोग? दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचं आरक्षण घ्या. दारात लटकून फोटो काढणारी पोरं दिसतील. कडेचे खांब आणि कातळ गाडीला किती जवळून जातात ते मी पाहिलंय. तुम्ही आतच बसा.

नानुओया सुटलं की जागे राहा. पट्टिपोल हे या रेल्वेचं सगळ्यात उंच स्टेशन, १८९८ मीटर. त्याच्या पुढे बोगदा लागतो आणि बोगद्यापलीकडे ऊवा प्रांत. अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन असं पुष्कळदा होतं, आमच्या खेपेलाही झालं. मग ओहिया, इडलगशिन्ना आणि हपुतले. स्टेशन गावातच आहे. किंबहुना रुळच गावातून जातात आणि गावकरी त्यांचा पायवाटेसारखा उपयोग करतात.

पावसाळी दिवसांत मात्र निघण्याआधी मार्ग चालू आहे का ते विचाराच. दरड कोसळली की ही रेल्वे बंद पडते, कधी तासांसाठी, कधी फार काळ. तेव्हा बस. कोलंबोहून रत्नपुरा, बलंगोडामार्गे बेरगलपर्यंत यायचं आणि तिथून फाटा वर हपुतलेकडे. तांबड्या बस सरकारी, बाकीच्या खासगी. खासगी गाड्या वळणांवर ज्या वेगाने जातात तो पाहून माझा हात आपोआप नोंदवहीकडे गेला, इतकंच सांगतो. पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत असतात. पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते. ती रिकामी दिसली म्हणून बसलात तरी चालतं, पण भिक्खू चढले की मुकाट्याने उठायचं.

राहायला साधी अतिथीगृहं आहेत, बरीचशी घरगुती. खोली ठरवताना एकच प्रश्न विचारा: खिडकी कुठल्या दिशेला? दक्षिणेची, दरीकडची घ्या. गरम पाणी आहे का हाही विचाराल, त्यावर "आहे" हेच उत्तर येईल, तेव्हा नळ सोडून बघा. पंखा नसतो आणि लागतही नाही. शिडी चढल्यासारखं गणित आहे, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश गारवा. कोलंबोत घामाने चिंब झालेला माणूस इथे रात्री दोन पांघरुणं मागतो. एक स्वेटर, एक पावसाचं जाकीट आणि जास्तीचे मोजे घ्या. धुक्यात धुतलेले कपडे वाळत नाहीत. ताईने पहिल्याच संध्याकाळी लुगडं धुतलं, ते तिसऱ्या दिवशी दमटच घडी करून पिशवीत गेलं.

आता मुख्य सकाळ. लिप्टन्स सीट.

ही सुमारे १९७० मीटरवरची एक टेकडी. थॉमस लिप्टन हा ग्लासगोचा किराणावाला १८९० साली इथले मळे विकत घेऊन चहाचा राजा झाला आणि म्हणे इथे बसून आपली इस्टेट न्याहाळायचा. आता तिथे बाकावर त्याचा पुतळा बसलाय. गावापासून दंबतेन्न चहा कारखाना दहा-एक किलोमीटर आणि तिथून वर सात किलोमीटर मळ्यातला रस्ता. लोक काय करतात, सकाळी आरामात बसने दंबतेन्नला जातात, तिथून चढायला लागतात आणि दहा-साडेदहाला घामाघूम होऊन ढगात पोचतात. उलटं करा. आदल्या संध्याकाळी रिक्षा ठरवा. तिथे तिला थ्री-व्हील म्हणतात. पहाटे पावणेपाचला निघायचं, थेट वरपर्यंत. भाडं आदल्या दिवशीच बोलून घ्या आणि "फक्त जायचं, यायचं नाही" हे दोनदा सांगा. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच उगवतो, अंदाज चुकत नाही. वर प्रवेशाचं थोडं शुल्क आहे, सुटे ठेवा. पाहून झालं की चालत उतरा. उताराची सात किलोमीटर ताईने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी चपला घालून केली, तक्रार न करता. खरं तर एकदाच केली, पण ती माझ्या चालण्याच्या वेगाबद्दल होती.

उतरताना साडेसात-आठला खुडणाऱ्या बायका मळ्यात दिसायला लागतात. इथे जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण आपण भारतीय इथेच हमखास चुकतो. या बाया तमिळ बोलतात, कपाळाला टिकली असते, वाटेत कोविल, म्हणजे देऊळ लागतं, मारियम्मन देवी दिसते. आपल्याला एकदम जवळीक वाटते आणि तोंडून निघतं, "तुम्ही इंडियाचे ना?" ताईने अगदी हेच विचारलं. डोक्यावरून पट्टा घेऊन पाठीवर पोतं अडकवलेल्या एका बाईने हात न थांबवता उत्तर दिलं. वाटेत भेटलेल्या एका शाळकरी मुलाने ते इंग्रजीत करून सांगितलं: "जन्मले इथेच."

एवढ्या दोन शब्दांमागे पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी यांच्या पणजोबा-खापरपणजोबांना तमिळ मुलखातून आधी कॉफीच्या मळ्यांसाठी आणलं. १८६९ पासून तांबेरा रोगाने कॉफी बसवली, त्या जागी चहा आला, माणसं तीच राहिली. देश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यांतल्या बहुतेकांना कुठलंच नागरिकत्व उरलं नाही. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावो बंडारनायके यांच्यात करार झाला, त्यात सव्वापाच लाख माणसं भारताच्या वाट्याला आणि तीन लाख श्रीलंकेच्या वाट्याला अशी वाटणी ठरली. गुरंढोरं वाटावीत तशी. जे मागे राहिले त्यांचा प्रश्न कायद्याने सुटायला २००३ साल उजाडलं. ही मंडळी स्वतःला मलैयग तमिळ म्हणवतात, म्हणजे डोंगराकडचे तमिळ. तेव्हा "वणक्कम" म्हणा, हसा, पुढे चला. ओळख झालीच तर "कुठल्या मळ्यातल्या?" असं विचारा.

फोटोचंही तेच. आधी हाताने खूण करून विचारा. मजुरी वजनावर आणि ठरलेल्या कोट्यावर असते, दोन पानं आणि एक कळी असं खुडत दिवसभरात किलो भरायचे असतात. तुमच्या फोटोसाठी ती जितका वेळ उभी राहील तितकी पानं कमी. दिवसाला हजार रुपये मिळावेत म्हणून या कामगारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ते मिळाले २०२१ साली, आणि तेही श्रीलंकेचे रुपये. लाइनीतल्या घरांत, म्हणजे ब्रिटिशांच्या वेळच्या चाळवजा खोल्यांत, डोकावून कॅमेरा लावू नका. दार उघडं असलं तरी ते घर आहे.

दंबतेन्नचा कारखाना खाली उतरल्यावर वाटेतच लागतो. १८९० मध्ये लिप्टनने बांधलेला. आत पानं रात्रभर सुकवण्याचे लांबच लांब हौद, मग पिळणारी यंत्रं, मग हिरव्याचं तांबूस होणं, भट्टी आणि चाळण्या. वास असा की बाहेर येऊन तासभर तरी अंगाला राहतो. आत फोटो काढू देत नाहीत. रविवारी जाऊ नका, खुडणी बंद असली की यंत्रंही गप्प. तिथून गावाकडे कामगारांची बस मिळते, आणि ती पकडाच, कारण मळ्यातल्या त्या अरुंद वळणांवर चालक ज्या निगुतीने गाडी काढतो ते पाहण्यासारखं आहे. एका वळणावर तर मी नकळत सीटला घट्ट धरून पायाने ब्रेक दाबत होतो.

खाण्याचं. मांसाहारी असाल तर हा परिच्छेद सोडा, तुमचं काही अडणार नाही. ताई माळकरी. पहिल्या दुपारी एका खानावळीत भात, डाळ, भोपळ्याची भाजी आणि नारळाचा लाल चुरा, पोळ संबोल, असं पान आलं. ताईला संबोल फार आवडलं, दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग मी मालकाला त्यात काय काय आहे विचारलं. उंबलकड, तो म्हणाला. म्हणजे वाळवलेल्या माशाचे बारीक तुकडे. ताई उठली, हात धुतला आणि त्या दिवशी मग केळी आणि पाणी यांवर राहिली. माझ्याशी रात्री बोलली. तर संबोल आणि भाज्या दोन्हींत उंबलकड असू शकतं, आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा नसतोच, तो मसाला. म्हणून "मासा आहे का?" हा प्रश्न कुचकामी. "उंबलकड एपा," असं नाव घेऊन सांगा. एपा म्हणजे नको. मांस म्हणजे मस्, मासा म्हणजे माळु. सोपा मार्ग म्हणजे तमिळ हॉटेल शोधून "सैवम?", म्हणजे शाकाहारी का, असं विचारायचं. तिथे डोसा, वडे, इडियाप्पम निर्धास्त खा.

चहाच्या मुलखात आपल्यासारखा उकळलेला दुधाचा चहा मिळेल या आशेवर जाऊ नका. "किरि ते" मागितला तर पावडरीच्या दुधाचा गोड चहा येतो. "प्लेन टी" मागा, कोरा. सोबत हकुरु, म्हणजे कितुल माडाचा गूळ मिळाला तर तो चहात न घालता दाताने तोडून खायचा आणि वर घोट घ्यायचा.

पैसे रोख बाळगा. यूपीआय श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं खरं, पण बसच्या कंडक्टरला आणि टपरीवाल्याला त्याचं काही नाही. एटीएममधून पाच हजारांच्या नोटा निघाल्या तर गावातल्या मोठ्या दुकानात आधी मोडून घ्या. पाच हजार पुढे करून तिकीट मागणाऱ्याकडे कंडक्टर कसा बघतो हे मला सांगायला नको, आम्हीही तसंच बघायचो. पौर्णिमेला पोया म्हणतात, त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी, दारू पूर्ण बंद आणि गाड्यांना गर्दी. पंचांग बघूनच निघा.

नऊनंतर काय करायचं, हा प्रश्न उरतो. झोपा. पहाटे साडेचारला उठलेला माणूस अकराला झोपला तर त्यात पाप नाही. धुक्यातच बरा दिसणारा एक बंगला मात्र आहे, आडिशम, गावापासून तीन-एक किलोमीटरवर. सर थॉमस व्हिलियर्स या इंग्रज मळेवाल्याने १९३१ साली दगडात बांधला, आता तो बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. एरवी बंद, शनिवार-रविवार, पोया आणि शाळांच्या सुट्ट्यांत उघडा. ते साधू जॅम आणि सरबतं करून विकतात. वाटेत तंगमले अभयारण्याचं रान लागतं, पाऊस होऊन गेला असेल तर जळवा असतात. पँट मोज्यात खोचा, मिठाची पुडी ठेवा. चिकटलीच तर ओढू नका, मीठ लावा, सुटते.

हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल तर दुसरी पहाट त्याला द्या आणि नऊचा नियम तिथे अधिकच कडक लावा. तिथला वर्ल्ड्स एंडचा कडा आठशे मीटरहून जास्त खोल आहे आणि ढग आले की पुढे नुसती भिंत. फाटकावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत.

आणि पावसाचं गांभीर्याने घ्या. हपुतलेच्या खालच्या अंगाला, कोसलंदाजवळ मीरियबेद्द मळ्यात, २९ ऑक्टोबर २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि लाइनीतली घरं माणसांसकट गाडली गेली. राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था दरडींचे इशारे जिल्हावार देते. सलग दोन दिवस पाऊस लागला तर अतिथीगृहाच्या मालकाला इशारा काय आहे ते विचारा, आणि तो "आज जाऊ नका" म्हणाला तर वाद घालू नका. एक दिवसाचं भाडं जाईल.

निघताना आम्ही रेल्वे घेतली नाही. सकाळची बस घेऊन कड्यावरून खाली वेल्लवायच्या बाजूला उतरलो, दक्षिणेच्या किनाऱ्याकडे जायचं होतं म्हणून. तुमचाही बेत तसा असेल तर हाच रस्ता घ्या, दियलुमाचा २२० मीटरचा धबधबा बसच्या खिडकीतून दिसतो. बेरगलच्या वळणाला ताईने शाल काढली, आणखी खाली आल्यावर स्वेटर. कोसलंदा मागे पडल्यावर तिने तिसऱ्या दिवशीचं ते दमट लुगडं पिशवीतून काढून मांडीवर पसरलं, खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यात वाळावं म्हणून. मी मागे वळून पाहिलं. कड्याच्या जागी पांढरं होतं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.